डावं कुणाचं?

पायला सरांचा डावा हात मी तीन वर्षांत एकदाही नीट पाहिला नाही. सांगलीतला मार्च महिना, प्रयोगशाळेच्या खिडक्यांतून झळा येताहेत, आम्ही पदराने वारा घेतोय, आणि सर मात्र तपकिरी कोट चढवून उभे. डावा हात कोटाच्या खिशात. तो हात कधी फळ्याला लागला नाही, कधी पुस्तकाला लागला नाही, कुणाला नमस्कार करतानाही आळस केल्यासारखा उशिरा बाहेर यायचा आणि लगेच आत जायचा. आम्ही पोरींनी त्याच्यावर पुष्कळ तर्क लढवले. एक म्हणायची, दोन बोटं नाहीत. दुसरी म्हणायची, हातावर कुणा बाईचं नाव गोंदलंय, म्हणून तर लग्न केलं नाही. मला हे दुसरं जास्त पटायचं, कारण वयच तसं होतं.

पायला हे त्यांचं नाव नव्हे. तळ्यात, भातखाचरात सापडते ती शंखातली मोठी गोगलगाय. पुस्तकात तिचं नाव पायला. बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्रात ती चिरावी लागायची आणि सर ती इतक्या मायेने शिकवायचे की ते नाव त्यांनाच चिकटलं. माझ्या वडिलांना मी पहिल्यांदा 'पायला सर' म्हटलं तेव्हा त्यांना धान्य मोजायची पायली वाटली. सर मूळचे शिराळ्याचे. जिवंत नागाची पूजा करणारं गाव. ते स्वतःच सांगायचे, "आमच्या गावानं नाग धरले, मी गोगलगाय धरली. जो तो आपापल्या बेतानं धाडस करतो."

त्यांची आणखी एक गंमत होती. सकाळी आम्ही वर्गात शिरायचो तेव्हा फळ्यावर आकृती तयार असायची. रंगीत खडूंनी काढलेला बेडकाचा मेंदू, गोगलगायीचे मज्जातंतू, असे की हात लावला तर ओले लागतील. सर तासभर आधी यायचे, दाराला आतून कडी घालायचे आणि काढायचे. पुढे वर्ग सुरू झाला की ते उजव्या हाताने त्या आकृतीला नावं द्यायचे, आणि ते अक्षर बघवत नसे. वाकडंतिकडं, एक अक्षर खाली, एक वर, जणू पहिलीतल्या पोराची पाटी. चित्र एकाचं आणि अक्षर दुसऱ्याचं, असं आम्ही उघड म्हणायचो. चित्र शिपायाकडून काढून घेतात अशी कुजबुज होती, आणि मी ती कुजबुज पुढे सरकवण्यात मागे नव्हते.

बोलताना सर अडखळायचे. सगळीकडे नाही, 'ड' आला की गाडी अडायची. आणि दैव असं की त्यांचा सगळ्यात आवडता प्रश्न 'ड'नेच सुरू व्हायचा. पहिल्याच प्रॅक्टिकलला मी मेणाच्या ट्रेमध्ये बेडूक उताणा टाचला, पोट उघडलं, आकृती काढली आणि जठर बेडकाच्या उजव्या बाजूला असतं असं लिहिलं. कारण ते मला उजवीकडे दिसत होतं. सर मागे येऊन उभे राहिले. "डा... डा... डावं कुणाचं?" मला काही कळेना. "बेडकाचं डावं का तुझं डावं? तो उताणा पडलाय. त्याच्या जागी जाऊन झोप आणि मग सांग." सगळा वर्ग हसला. माझ्या कानशिलांना आग लागली. पण घरी जाऊन मी खरोखर चटईवर उताणी झोपून पोटावर हात फिरवून पाहिलं, आणि त्यांचं बरोबर निघालं याचा मला जास्त राग आला.

त्यांचा दुसरा नियम नावांचा. आकृती कितीही देखणी असो, भागांना नावं दिली नसतील तर लाल पेन्सिलीने शून्य. "नाव न्हाई दिलं म्हणजे तू ते बघितलंच न्हाईस," म्हणायचे. बरोबर असेल तिथे लाल पेन्सिलीची एक छोटी खूण. ती खूण मिळवायला आम्ही जीव टाकायचो.

पहिल्या वर्षी मला वाटायचं, प्राण्याचं अंग म्हणजे मधोमध घडी घातलेला कागद. जी एक बाजू तीच दुसरी. सरांनी हा भ्रम असा मोडला की मी आठवडाभर भांबावल्यासारखी फिरत होते. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या मेंदूचा पातळ काप लावला. मेंदूच्या छपराला मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारकी गाठ. "मोज," म्हणाले. उजवीकडची एकसंध होती. डावीकडची दोन भागांत फुटलेली. मला वाटलं काप बिघडलाय. त्यांनी दुसरा लावला, तिसरा लावला. प्रत्येक बेडकाचं तेच. बाहेरून एवढा सरळसोट दिसणारा प्राणी, आणि आत मेंदूतच डावंउजवं! मी हबकून त्यांच्याकडे पाहत राहिले. कुणीतरी इतकी वर्षं माझ्याशी खोटं बोलत होतं, असं काहीसं वाटलं.

गोगलगायीने तर कहर केला. पिल्लू अगदी लहान असताना तिचे मज्जातंतू दोन्ही बाजूंनी सरळ मागे जातात. मग एके दिवशी तिच्या अंगाचा वरचा सगळा बोजा अर्धा वळसा घेऊन फिरतो, आणि त्या फिरण्यात मज्जातंतूंना पीळ पडतो. उजवीकडून निघालेला अन्ननळीवरून डावीकडे, डावीकडून निघालेला तिच्याखालून उजवीकडे. "आठाच्या आकड्यासारखा पीळ," सर म्हणाले, आणि मराठी शाळेतून आलेल्या मी जर्नलमध्ये इमानदारीत मराठी आठ काढला. एका बाजूने उघडा, खाली वाकलेला. सरांनी ते पाहिलं आणि हसता हसता कोटाच्या उजव्या बाहीने डोळे पुसले. "अगं बये, इंग्रजी आठ! तुझी गोगलगाय मराठीत वळली." ते पान मी फाडलं नाही, हे बरं झालं.

तळ्याकाठच्या डबक्यातून आणलेली बेडकाची अंडी ते काचेच्या बरणीत वाढवायचे. "हे बघ गोल अंडं. यात डावं कुठं हाय? उजवं कुठं हाय? कुठंच न्हाई. आणि थोड्या दिसांनी याला डावं कळतं. कोण सांगतं त्याला?" मग स्वतःच मान हलवायचे. "मला ठावं न्हाई. मी वाचलंय त्यातल्या कुणालाच अजून ठावं न्हाई." शिक्षकाने 'मला माहीत नाही' असं चारचौघांत म्हणावं, हा मला दुसरा धक्का होता. पिल्लाच्या डाव्या अंगाला एकच भोक असतं, त्यातून पाणी बाहेर पडतं. पुढचे पाय फुटायची वेळ आली की डावा त्या तयार भोकातून सहज बाहेर येतो, उजव्याला कातडं फाडून यावं लागतं. "माणसांत मात्र उलटं," सर हळूच म्हणाले. त्यांचा हात खिशातच होता. मला तेव्हा काही उमगलं नाही.

माणसाच्या मेंदूबद्दलही ते सांगायचे. मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते, उजवी बाजू डावं. आणि बहुतेक माणसांची वाचा असते डाव्या बाजूला. मग मिस्कील हसून म्हणायचे, "बघा मजा. चांगलं झालं की आपण म्हणतो उजवलं. टाळलं की म्हणतो डावललं. भाषा बसती डावीकडं, आणि नावं ठेवती डाव्यालाच."

हे ऐकताना मी मान खाली घातली होती, कारण मी डावरी होते. आमच्या घरी हे पाप कढईमागे लपवलेल्या गुळासारखं झाकून ठेवलं होतं. लहानपणी आईने माझा डावा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीने कमरेला बांधला होता. लेखणी डाव्या हातात दिसली की उलथणं बसायचं. "सासरी वाढायला उभी राहशील तवा ताटावरनं उठून जातील माणसं," असं ती रडत रडत म्हणायची, आणि मारायचीही. मग मी उजव्या हाताने लिहायला शिकले. पण कात्री आणि चिमटा आला की उजवा हात लाकडाचा व्हायचा. गोगलगायीचा तो पिळाचा मज्जातंतू केसाएवढा. मी तो दर खेपेला तोडायचे. दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलला मी नापास झाले. वडिलांनी सांगून टाकलं, आणखी एकदा नापास झालीस तर कॉलेज बंद, कडेगावचं स्थळ आलंय.

सर माझ्या ट्रेशी आले तेव्हा चौथी गोगलगाय वाया गेली होती. मी हुंदके देत होते. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. उजव्यातली कात्री अडत होती आणि डावा आपसूक पुढे येत होता. मग म्हणाले, "कात्री त्या हातात घे." मी ऐकलं नाहीसं केलं. "कुसुम, त्या हातात घे. मी दारात उभा राहतो, कुणी येणार न्हाई." आणि खरंच जाऊन दारात पाठ करून उभे राहिले. मी डाव्या हाताने कात्री धरली. पाचव्या गोगलगायीत तो मज्जातंतू अखंड मोकळा झाला, पिळासकट. माझा माझ्यावर विश्वास बसेना. मी त्यांना हाक मारली. ते आले, वाकले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या एका गोगलगायीसाठी एवढं कशाला, असं मला वाटून गेलं.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. मी डाव्या हाताने चिरतेय हे पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ही काय पद्धत? मुलीला साधी शिस्त लावली नाहीत?" सर पुढे झाले. अडखळणारा माणूस, त्यात रागावलेला. प्रत्येक 'ड'वर धडपडत होता, पण थांबला नाही. म्हणाले, "साहेब, उजवा शंख देव्हाऱ्यात ठेवतात, लाखात एखादा मिळतो म्हणून. आपलं शास्त्र त्याच शंखाला डावा म्हणतं, कारण आपण तो दुसऱ्या टोकानं धरतो. शंख एकच. डा... डावं कुणाचं, ते तर आधी ठरवू. तुम्ही हात बघू नका, ट्रे बघा." परीक्षकांनी ट्रे पाहिला. मग भिंग मागवून पुन्हा पाहिला. मी पास झाले. त्या दिवशी सरांचे पाय धरले तर म्हणाले, "आता तो हात परत बांधू नको. मला शब्द दे." मी दिला.

तो शब्द मी वर्षभरही पाळला नाही. कडेगावचं स्थळ मोडलं, पण साताऱ्याचं जमलं. तिथेच मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "फळ्यावर उजव्या हाताने लिहायचं. मुली बघतात." घरी सासूबाई नुसत्या माझ्या हाताकडे बघायच्या. मी मुकाट्याने हात बदलला. सरांना दोन पत्रं लिहिली, दोन्ही उजव्या हाताने, आणि त्यात याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मग एक कार्ड आलं. सरांबरोबर त्यांच्या थोरल्या विधवा बहीण राहायच्या, त्यांना आम्ही आक्का म्हणायचो; त्या सरांना तात्या म्हणत. आक्कांना लिहिता येत नसे. शेजाऱ्याकडून लिहून घेतलं होतं. 'तात्याच्या डाव्या अंगावरून वारे गेले आहे. तुझी आठवण काढतो असे वाटते. येऊन जावे.' मी ते दोनदा वाचलं. आणि मग, सांगायला लाज वाटते, मी हिशोब मांडला. डावं अंग गेलं म्हणजे मेंदूची उजवी बाजू दुखावली. वाचा डावीकडे, म्हणजे वाचा शाबूत. उजवा हात शाबूत. सर बोलतील, लिहितील, शिकवतीलसुद्धा. त्यांनीच शिकवलेल्या गणिताने मी स्वतःला धीर दिला, कंदी पेढे घेतले आणि एस.टी. पकडली. कराड मागे पडलं तरी मी मनात त्यांना विचारायचे प्रश्न जुळवत होते.

सांगलीत नदीकडच्या गल्लीतल्या सरांच्या दोन खोल्यांत शिरले आणि दारातच थिजले. सर खाटेवर टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर पडलेला, परक्याचा असावा तसा. तोंड उजवीकडून ओघळलेलं. माझ्याकडे पाहून त्यांचे डोळे चमकले, ओठ हलले आणि आवाज आला, "डा... डा... डा..." त्यापुढे काही नाही.

"आक्का!" मी जवळजवळ ओरडलेच. "तुम्ही तर डावं अंग म्हणून कळवलंत!"

"आगं मग ह्ये बघ की," आक्का त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि आपला डावा हात उचलून सरांच्या उजव्या खांद्याला लावला. "ह्यो काय डावा."

त्यांनी आपल्या बाजूने मोजलं होतं. मी बेडकाचं जठर मोजलं होतं तसंच. आणि मी, जिला हा प्रश्न तीन वर्षं घोकून घोकून शिकवला, तिने कार्ड वाचताना एकदाही विचारलं नाही, डावं कुणाचं? पेढ्याचा पुडा हातातून सुटला.

"धा दिस झालं, ह्येच म्हंतोय," आक्का डोळे पुसत म्हणाल्या. "मला वाटलं डाळ मागतोय. रोज डाळ करून घालते. मग वाटलं डाक्टर म्हंतोय. डाक्टर म्हनला, ह्येला आता कळत न्हाई काय. शेजारीबी म्हंत्यात, मास्तरचं डोसकं गेलं."

सरांनी हे ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते डोकं गेलेल्या माणसाचं नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने खाटेवर थापटलं आणि कोनाड्यातल्या कागदांकडे बोट दाखवलं. मी कागद आणि पेन्सिल दिली. तेव्हा मी तो हात पहिल्यांदा पाहिला. पाच बोटं होती. गोंदण नव्हतं. मनगटाभोवती मात्र एक फिकट, जुना, गोल वण होता.

आणि तो हात चालू लागला. थांबला नाही, चाचपडला नाही. गोगलगायीची शिंगं, मुखाभोवतीच्या गाठी, मग तो पीळ. उजवीकडून डावीकडे, वरून. डावीकडून उजवीकडे, खालून. तीच रेघ. तीन वर्षं रोज सकाळी फळ्यावर पाहिलेली, कडी लावलेल्या दाराआड काढलेली. मी सुन्न होऊन बघत राहिले. शिपाई! आम्ही शिपाई म्हणायचो.

"डावराच हुता त्यो," आक्का बोलू लागल्या. "बा आमचा कुंभार. पंचिमीला मातीचं नाग करून आजूबाजूच्या गावांत इकायचा. तात्या सा वर्साचा आसंल, लय सुरेख नाग करायचा, पर येटुळं उलटं. समद्यांचं एकीकडं, ह्येचं दुसरीकडं. उलटा नाग कोन घिल घरात? समदं नाग परत आलं. बानं सुंभानं हात बांदला, दोन वरसं. हात बांदला आन जीभ अडाकली. तवापस्नं त्यो हात लोकांम्होरं काढला न्हाई."

मला भयंकर राग आला. बापावर आला, आणि सरांवरही आला. माझ्यासाठी परीक्षकाशी भांडलात, माझ्याकडून शब्द घेतलात, आणि स्वतः? दाराला कडी? मी बोलणारच होते. तेवढ्यात त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेन्सिल पुढे केली. आकृती पूर्ण होती. एकही नाव नव्हतं. नाव नसलेल्या आकृतीला शून्य देणारा माणूस, आणि त्याच्याजवळ आता एकही नाव उरलं नव्हतं.

नावं मी द्यायची होती. मी पेन्सिल घेतली, शाळेत घेते तशी, उजव्या हातात.

"डा," सर म्हणाले. मग जोरात, "डा! डा!"

त्यांनी माझ्या उजव्या हातातून पेन्सिल ओढून काढली आणि माझ्या डाव्या हातात कोंबली. बोटं तिच्याभोवती एकेक करून मिटवली. त्यांच्या हाताला ताकद होती. मी तोंडाला पदर लावून रडले. दिलेला शब्द मोडल्याचं मी कधीच सांगितलं नव्हतं. त्यांना माझ्या एका पेन्सिल धरण्यावरून कळलं होतं. मग मी डाव्या हाताने एकेक नाव लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. प्रत्येक नावाला ते डोळे मिटून मान हलवायचे. आक्का चुलीपाशी उभ्या राहून बघत होत्या. "म्हंजे ह्येला कळतंय," त्या म्हणाल्या. "समदं कळतंय की गं."

सोमवारी साताऱ्याच्या शाळेत मी फळ्यावर डाव्या हाताने बेडूक काढला. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी थांबले नाही. बाईंनी नंतर बोलावून घेतलं आणि बरंच ऐकवलं. मी म्हटलं, बाई, तुम्ही हात बघू नका, फळा बघा. सर दीड महिन्याने गेले. आक्कांचं कार्ड आलं त्यात लिहिलं होतं, शेवटपर्यंत डाव्या हातानेच जेवला, सगळ्यांसमोर.

तो कागद माझ्या जुन्या जर्नलमध्ये आहे, मराठी आठ काढलेल्या पानाशेजारी. नावं लिहून झाल्यावर सरांनी खुणेने माझ्याकडून लाल पेन्सिल मागून घेतली होती आणि खाली बरोबरची खूण केली होती. ती उलटी आहे. आरशात धरली तर सरळ दिसेल. मी कधी धरून पाहिली नाही.